सह्याद्री निसर्ग मित्र

सह्याद्री निसर्ग मित्र : रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण येथे १९९२ साली स्थापन झालेली निसर्गअभ्यासकांची संस्था. विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे हे तिचे संस्थापक. समुद्री कासवे, समुद्र गरुड, पाकोळ्या, गिधाडे आणि खवले मांजर (अंगभर खवले असलेला, मुंग्या-वाळवी खाणारा प्राणी) यांच्या रक्षणासाठी कोकणात झालेल्या कामाशी या संस्थेचे नाव जोडलेले आहे. त्यातही मंडणगड तालुक्यातील वेळास गाव आणि ही संस्था यांची नावे बहुधा एका दमात घेतली जातात.

संस्थेच्या कामाची रीत कळण्यासाठी आधी कोकणातील जमिनीची मालकी ध्यानात घ्यावी लागते. विदर्भात जंगल म्हटले की वनखाते आलेच. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन अगदी थोडी आहे. डोंगरउतारावरचे रान कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. त्यावर भाऊबंदांची लांबलचक नावे असतात आणि त्यांतले बरेचसे मुंबईला राहतात. लाकडाच्या ठेकेदाराने सौदा केला की रान उभेच्या उभे तुटते आणि मग तिथे काजू किंवा आंबा लागतो. जुने म्हणावे असे झाड टिकते ते देवराईत, कारण तिथे देवाचा कौल घेतल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही असा रिवाज असतो. पुळणीचे, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचे, म्हणाल तर ती कागदोपत्री सरकारची, पण होडी ओढणे, मासळी वाळवणे, शिमग्याचे खेळ हा सारा वावर गावाचा. अशा मुलखात नकाशावर रेघ मारून अभयारण्य जाहीर केले तर काय होते, हे मालवणने पाहिले आहे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले आणि मच्छीमारांच्या विरोधात अडकून वर्षानुवर्षे बव्हंशी कागदावरच राहिले. चिपळूणच्या मंडळींनी रेघ न मारता राखण करण्याचा मार्ग धरला. संस्थेने सांभाळलेल्या जागा ‘राखीव’ होत्या त्या गावाने हो म्हटले म्हणून, आणि गाव हो म्हणेल तितकेच दिवस.

आरंभीचे काम पक्ष्यांचे होते. पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर काटक्यांचे मोठे घरटे बांधतो आणि तेच घरटे वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरतो. त्यामुळे आंब्याचे किंवा सुरूचे एक झाड तुटले तरी एका जोडीचे घर कायमचे जाते. घरट्यांची नोंद करायची तर झाडाच्या मालकाला गाठावे लागते आणि ओटीवर बसून चहा घ्यावा लागतो. संस्थेचे पुढचे बरेचसे काम याच ओळखींवर उभे राहिले, असे म्हणायला हरकत नाही.

वेंगुर्ल्यापासून दूर समुद्रात ‘वेंगुर्ले रॉक्स’ नावाचा खडकाळ बेटांचा समूह आहे. त्यातील एका बेटावरच्या गुहेत भारतीय पाकोळ्या या लहान पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. या पाकोळ्या स्वतःच्या लाळेने कड्याला घरटे चिकटवतात. त्या वाळलेल्या लाळेचे सूप पूर्व आशियात महाग विकले जाते आणि म्हणून घरटी खरवडून नेणारी टोळी या निर्मनुष्य बेटापर्यंत पोहोचली होती. संस्थेने हा व्यापार वनखात्याच्या नजरेस आणला, छापा पडला, माणसे पकडली गेली. पुढे पाकोळीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, अनुसूचीत स्थान मिळाले. बेटावर गाव नाही, तेव्हा इथे ओटीवरच्या चहाचा उपयोग नव्हता. होडी, छापा आणि पोलीस एवढीच साधने होती.

पक्ष्यांच्या शोधात किनारा हिंडतानाच २००२ साली वेळासच्या पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफले सापडली. वेळास हे बाणकोटच्या खाडीजवळचे, नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ओळखले जाणारे लहानसे खेडे. इथे ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालायला येतात. ओडिशासारख्या त्या हजारोंनी एकदम येत नाहीत. एखाद्या रात्री एक, मग चार दिवस कुणी नाही. वाळूवर उमटलेला माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा दिसतो आणि तो पाहून खड्डा शोधणे जाणत्याला अवघड नाही. अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी सर्रास काढली जात. देवळात शिरताना ज्या दगडी कासवाला आपण पाया पडतो, त्याच्याच जातभाईचे घरटे तासाभरापूर्वी उकरलेले असे, आणि यात कुणाला विसंगती वाटत नसे. माणसातून उरले ते कोल्हे आणि कुत्रे संपवीत.

संस्थेने गावकऱ्यांशी बोलून पुळणीवरच जाळीचे कुंपण घातले. याला ‘हॅचरी’ म्हणतात आणि गावातही हाच शब्द चालतो. राखण करणारा ‘कासवमित्र’ पहाटे, कुत्रे फिरायच्या आत, पुळण चालत जातो. माग दिसला की काठीने वाळू चाचपून घरटे शोधतो आणि अंडी अलगद उचलून टोपलीत घेतो. घाई दोन कारणांनी असते. एक म्हणजे चोर, मग तो दोन पायांचा असो वा चार. दुसरे असे की अंडी घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या आतल्या अस्तराला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले तर गर्भ मरतो. हॅचरीत मादीने केला होता तसाच, सुमारे दीड फूट खोल, तळाशी फुगीर असा खड्डा करून अंडी ठेवतात आणि वर तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावतात. एका घरट्यात साधारण शंभर ते दीडशे अंडी असतात. पिल्ले ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरते : ऊब जास्त तर माद्या अधिक. म्हणून हॅचरीची जागा निवडणे, सावली करावी की नाही हे ठरवणे, या वरवर किरकोळ दिसणाऱ्या गोष्टी खरोखर नाजूक असतात. पिल्ले पाण्यात नेऊन सोडत नाहीत. ती पाण्यापासून थोडी अलीकडे वाळूवर ठेवतात आणि उरलेले अंतर त्यांना स्वतः चालू देतात.

पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात गेली. अंडी नेमकी कुठे सापडतात हे गावात ज्यांना पक्के ठाऊक होते, त्यांचेच ज्ञान राखणीच्या कामी आले. मानधन तुटपुंजे होते. म्हणून २००६ पासून वेळासला ‘कासव महोत्सव’ भरू लागला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात आणि घरचेच जेवतात. गावात हॉटेल उभे राहिले नाही, पैसा घराघरांत गेला, हे या महोत्सवाचे खरे यश म्हणावे लागेल. त्याची दुसरी बाजूही आहे. शनिवार-रविवारची सुटी काढून आलेल्या पाहुण्याला पिल्लू दिसलेच पाहिजे असते, आणि पिल्लाला शनिवार ठाऊक नसतो. फ्लॅश मारणारे मोबाइल, दोरीपुढे सरकणारी गर्दी यांना आवरणे हे कासवमित्रांचे नवे काम होऊन बसले आहे.

वेळासचा धडा आंजर्ले, गुहागर अशा अनेक पुळणींवर गिरवला गेला. राज्याच्या वनखात्याचा कांदळवन कक्ष (खारफुटीची जंगले राखणारा विभाग) २०१२ साली स्थापन झाला आणि पुढे किनाऱ्यावरील कासवांच्या राखणीत या सरकारी यंत्रणेचा वाटा वाढत गेला. एखाद्या हौशी मंडळाने सुरू केलेले काम सरकारी चाकोरीत शिरावे, हे आपल्याकडे विरळाच घडते.

गिधाडांचा प्रश्न वेगळा होता. त्यांना जागा कमी नव्हती, खाणे विषारी झाले होते. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत गुरांतून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. कोकणात नारळ आणि इतर उंच झाडांवरची घरटी राखणे, मेलेली गुरे पुरण्याऐवजी ठरावीक जागी गिधाडांसाठी टाकणे, असे उपाय झाले.

खवले मांजर तर कुंपणात मावणारे नव्हेच. ते रात्री निघते, मुंग्या-वाळवी खाते, दिवसा बिळात असते, आणि ते बीळ कुणाच्या तरी खासगी रानात असते. खवल्यांच्या तस्करीमुळे त्याची शिकार होते. इथे संस्थेने गावाच्या श्रद्धेलाच हात घातला. चिपळूण तालुक्यातील डुगवे गावात ‘खवलोत्सव’ सुरू झाला. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी येणाऱ्या जागतिक खवले मांजर दिनाच्या निमित्ताने खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून नाचवली गेली. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवणाऱ्या कोकणी माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पालखीत बसले त्याला मारायचे नाही.

या राखणीचे फळ मोजणे मात्र कठीण. मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि हजारातले एखादेच पिल्लू तेवढे जगते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. समुद्रात गेलेले कासव कुठे फिरते, याचा थोडा माग २५ जानेवारी २०२२ पासून लागू लागला. त्या दिवशी वेळासच्या पुळणीवर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले गेले. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडले कासवावर असे यंत्र बसवण्याची ती पहिलीच वेळ होती. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर ०३२३३ या क्रमांकाची पट्टी आढळली. ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी, असे तोवर धरून चालत असत. ही मादी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा वळसा घालून आली असावी.