पॉइंट टू-टूच्या स्वस्त काडतुसांचा कस कसा लावावा

काडतुसांच्या डब्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा वेगाचा असतो. हौशी नेमबाज तो वाचून डबा उचलतो आणि तिथेच त्याची गफलत होते. कागदी टार्गेटवर नेम साधायचा असेल तर गोळी किती वेगाने सुटते याला फारसं महत्त्व नाही. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीइतक्याच वेगाने सुटते की नाही, हे महत्त्वाचं. स्वस्त आणि महाग काडतुसांतला फरक मुख्यतः या सारखेपणाचा आहे, आणि नेमका तोच डब्यावर छापलेला नसतो.

पॉइंट टू-टू (म्हणजे ०.२२ इंची) लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने १८८७ साली बाजारात आणलं. आजही त्याची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम शिशाची असते. अमेरिकेत ते पन्नासच्या छोट्या डब्यांत मिळतं, तसंच पाचशेच्या आसपास काडतुसं मोकळी भरलेल्या मोठ्या खोक्यांतही मिळतं. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या डब्यांवर नेम धरणारी मंडळी ही खोकी घेतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना आणि अधिकृत रेंज याशिवाय या वाटेला जाता येत नाही. पण ऑलिंपिकमध्ये ५० मीटरला चालतं ते हेच काडतूस. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं आणि स्वप्निल कुसळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक, ते याच काडतुसावर. दोघंही कोल्हापूरचे. त्यांच्या टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. पुढचं गणित समजायला हा आकडा लक्षात ठेवावा.

हे काडतूस पेटतं बुडाच्या कडेवरून. मोठ्या रायफलच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते. इथे पुंगळीची कडच आतून पोकळ असते आणि आघाताने पेटणारं मिश्रण तिच्यात भरलेलं असतं. कारखान्यात हे मिश्रण ओलं असताना पुंगळीत घालतात आणि ते कडेत सगळीकडे पोचावं म्हणून पुंगळी वेगाने गरगर फिरवतात. काम बारीक आणि वेग प्रचंड. कडेच्या एखाद्या भागात मिश्रण कमी पडलं आणि फायरिंग पिन नेमकी तिथेच आपटली, की काडतूस पेटत नाही. तेच काडतूस फिरवून पुन्हा लावलं की बऱ्याचदा उडतं, कारण आता पिनेला कडेची दुसरी जागा मिळते. मात्र ते काढण्याआधी नळी टार्गेटकडेच रोखून निदान तीस सेकंद थांबायलाच हवं. उशिरा पेटणारं काडतूस हातात फुटू शकतं. आणि नेहमीच्या आवाजाऐवजी नुसतंच फुस्स झालं, तर रायफल रिकामी करून नळीत गोळी अडकली नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढचा बार काढू नये.

न उडणारी काडतुसं निदान डोळ्यांना दिसतात. न दिसणारा प्रकार जास्त छळतो: कडेतलं मिश्रण थोडं कमी-जास्त, दारूचं माप किंचित इकडे-तिकडे, गोळी पुंगळीत कुठे घट्ट तर कुठे सैल. काडतूस उडतं, पण गोळीचा वेग बदलतो.

त्याने काय बिघडतं ते हिशेब करून पाहू. साधारण ३२६ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटलेल्या गोळीला ५० मीटरवर पोचायला सुमारे ०.१६ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ती साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. हे आपण साइट (रायफलवरचं नेम धरायचं साधन) लावतानाच भरून काढलेलं असतं. आता पुढची गोळी दहा मीटर प्रतिसेकंद जास्त वेगाने सुटली, तर ती थोडी लवकर पोचते आणि कमी खाली येते. दोन छिद्रांत उभा फरक सुमारे सात मिलिमीटरचा येतो. नेम, श्वास, चाप ओढणं सगळं बिनचूक असूनही! दहाचं वर्तुळ साडेदहा मिलिमीटरचं, त्यातले सात काडतुसानेच खाल्ले. अंतर १०० मीटर केलं की हा फरक चौपटीच्या घरात जातो. म्हणूनच २५ मीटरवर सोन्यासारखं वाटलेलं स्वस्त काडतूस १०० मीटरवर निराश करतं.

स्वस्त मोठ्या खोक्यांत बहुतेक वेळा ‘हाय व्हेलॉसिटी’ गोळी असते, म्हणजे ३७०-३८० मीटर प्रतिसेकंद. हवेत आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला ३४३ मीटर प्रतिसेकंद. ही गोळी आवाजापेक्षा वेगाने सुटते आणि साधारण ५० मीटर गाठण्याआधीच त्याच्या खाली उतरते. आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा विरोध झपाट्याने वाढलेला असतो आणि गोळीभोवतीच्या दाबाच्या लाटा जागा बदलतात. बोथट नाकाच्या गोळीला हा टप्पा मानवत नाही. यातून एक गोष्ट निघते, जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. १०० मीटरवर बाजूच्या वाऱ्याने वेगवान गोळी जास्त ढकलली जाते आणि मंद गोळी कमी. वाऱ्याचा परिणाम उड्डाणाला लागलेल्या एकूण वेळावर नसतो. हवेच्या विरोधामुळे जितका उशीर झाला, त्यावर असतो. वेगवान गोळीचा हा उशीर अधिक असतो. त्यामुळे स्वस्तातलंच घ्यायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ घ्यावं. सीसीआय कंपनीचं या नावाचं काडतूस १०७० फूट, म्हणजे सुमारे ३२६ मीटर प्रतिसेकंदाचं आहे. ते आवाजाच्या खालीच सुटतं आणि खालीच राहतं. फक्त काही सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलींना बोल्ट, म्हणजे काडतूस लावणारा सरकता भाग, मागे ढकलायला त्याचा जोर कमी पडतो, तेवढं तपासून घ्यावं.

आता प्रत्यक्ष चाचणी. इथे बहुतेकांचा निकाल चुकतो. पाच गोळ्या मारायच्या, सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं अंतर मोजायचं आणि ‘हा पंधरा मिलिमीटरचा, तो पंचवीसचा’ म्हणून एक डबा बाद करायचा, ही सर्रास पद्धत. संख्याशास्त्र सांगतं की एकाच काडतुसाचे पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप (छिद्रांचे पुंजके) निव्वळ योगायोगाने सरासरीच्या वर-खाली सुमारे सत्तावीस टक्के सहज हलतात. ज्याची सरासरी २० मिलिमीटर, ते काडतूस काहीही न बदलता एकदा १५ आणि एकदा २५ दाखवेल. एका ग्रुपवरून काडतुसाला नावं ठेवणं किंवा डोक्यावर घेणं दोन्ही अन्याय आहे. पाच गोळ्यांचे निदान चार ग्रुप काढून सरासरी घेतली की ही अनिश्चितता निम्मी होते.

गोळ्यांची संख्याही सांगायला हवी. ज्याचा पाच गोळ्यांचा सरासरी ग्रुप २० मिलिमीटर, त्याचाच तीन गोळ्यांचा साधारण १६ येईल आणि दहांचा २५. एकाने तीन मारून फुशारकी मारायची आणि दुसऱ्याने दहा मारून खजील व्हायचं, ही तुलनाच होत नाही. त्याहून चांगलं माप म्हणजे सगळ्या छिद्रांचं मधलं केंद्र काढून प्रत्येक छिद्र तिथून किती लांब याची सरासरी. त्यात दोनच नाही, सगळ्या गोळ्या बोलतात.

लांब गेलेलं एखादं छिद्र ‘माझाच हात हलला’ म्हणून वगळू नये. स्वस्त काडतुसाची खरी खोड बऱ्याचदा त्या एका छिद्रातच असते: नऊ गोळ्या छान, दहावी भरकटलेली. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवावी, वारा पडलेला असताना मारावं आणि चाचणी त्याच अंतरावर घ्यावी, ज्या अंतरावर आपण एरवी मारतो.

ब्रँड बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत. या शिशाच्या गोळीवर बाहेरून मेणासारखं वंगण असतं, प्रत्येक कंपनीचं निराळं. आधीचा थर जाऊन नवीन थर नळीत सारखा बसेपर्यंत गोळ्या इकडे-तिकडे पडतात. नळीचाही स्वतःचा स्वभाव असतो. शेजारच्या रायफलीत उत्तम चाललेला डबा आपल्या रायफलीत मध्यम चालू शकतो. मोठे खेळाडू म्हणूनच एलीसारख्या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर आपली नळी शिकंज्यात पकडून वेगवेगळे लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांच्या तुकड्या, मारून पाहतात. नाव तेच, किंमत तीच, तरी लॉट बदलला की निकाल बदलतो.

हौशी माणसाला तेवढी सोय नसते, पण लॉट नंबर त्याच्याही डब्यावर असतो. टार्गेटच्या कागदावर तो लिहून ठेवावा. चाचणीत वीस गोळ्या मोजायच्या आणि त्याआधी पंधरा नळीला द्यायच्या, म्हणजे पन्नासच्या डब्यातल्या पस्तीस तिथेच संपतात. तेव्हा चाचणीसाठी डबा घेतानाच त्या लॉटचे आणखी डबे दुकानात शिल्लक आहेत ना, हे विचारून घ्यावं.