पार्श्वभूमी : गोल्फचा हँडिकॅप संगणकावर आला आणि ‘रेटिंग वजा पार’चा घोळ

खानदेशातून गोल्फ खेळणाऱ्याची कार्डं सहसा एका कोर्सची नसतात. दोन नाशिकची, तीन पुण्याची, एखादं मुलाकडे दिल्लीला गेल्यावरचं. जळगावात घरी बसून ती एक्सेलच्या एकाच रकान्यात भरली, की नाशिकची ९१ फटक्यांची फेरी आणि पुण्याची ९१ फटक्यांची शेजारी बसतात आणि सारखी दिसतात. त्या सारख्या नाहीत. हँडिकॅप म्हणजे पातळी बघून खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट; तिच्या सॉफ्टवेअरचा सगळा इतिहास या दोन ९१ एकमेकींशी तोलण्याचाच आहे.

भारतात गोल्फ जुनं. कलकत्त्यातला क्लब १८२९ चा. हँडिकॅप मात्र बराच काळ क्लबपुरता होता. वर्षातले चांगले दोन-तीन स्कोअर घ्यायचे, सरासरी काढायची, कोर्सचा ठरीव आकडा वजा करायचा. हे काम सेक्रेटरीच्या वहीत भागत असे. १९६७ मध्ये अमेरिकेत शेवटच्या २० पैकी उत्तम १० फेऱ्यांची पद्धत आली आणि वहीचा दम निघाला. नवं कार्ड आलं की सर्वांत जुनं बाहेर जातं, मग १० उत्तम पुन्हा निवडायचे, सरासरी काढायची आणि तिचे ८५ टक्के धरायचे. १९७६ पासून हेच ९६ टक्के झाले. तीनशे सभासदांच्या क्लबात हे हाताने करणं म्हणजे पगारी कारकुनाचं काम. हँडिकॅपची केंद्रीय संगणक सेवा आली ती या कंटाळ्यातून.

स्लोपने संगणकाला खरं काम दिलं. १९८७ पासून अमेरिकेत सर्वत्र लागू झालेलं हे माप सांगतं की मुरलेल्या खेळाडूच्या मानाने साधारण खेळाडूला कोर्स किती जास्त जड जातो. प्रमाण ११३, किमान ५५, कमाल १५५. इंडेक्स म्हणजे कुठल्याही एका कोर्सशी न बांधलेला हँडिकॅप. इंडेक्स ५ आणि इंडेक्स २० असलेले दोघे ११३ स्लोपच्या कोर्सवर गेले तर त्यांच्यात १५ फटक्यांचं अंतर. तेच १३५ च्या कोर्सवर गेले तर एकाला ६ आणि दुसऱ्याला २४ मिळतात, अंतर १८. घरचा कोर्स नसलेल्या आपल्या मंडळींना स्लोपशिवाय हँडिकॅप ठेवण्यात अर्थच नाही. तरी कित्येक घरगुती फाइलींत स्लोपचा रकाना सापडत नाही.

प्रत्येक फेरीचा आकडा, म्हणजे स्कोअर डिफरन्शियल, असा निघतो : ११३ भागिले स्लोप, गुणिले (सुधारित ग्रॉस वजा कोर्स रेटिंग वजा पीसीसी). ग्रॉस म्हणजे मारलेले एकूण फटके, कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूचा त्या कोर्सवरचा अपेक्षित स्कोअर, पीसीसी म्हणजे त्या दिवशीच्या परिस्थितीची दुरुस्ती. रेटिंग ७०.२, स्लोप १२८, ग्रॉस ९१, पीसीसी शून्य, उत्तर १८.४. ‘सुधारित’ हा शब्द सोडू नये. कुठल्याही होलवर पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) अधिक दोन अधिक त्या होलवर मिळणारे फटके, याच्या वरचा आकडा धरत नाहीत. पार चारच्या होलवर एक फटका मिळत असेल तर नऊ मारले तरी सातच भरायचे. म्हणून फाइलीत नुसती बेरीज ठेवून चालत नाही, १८ रकाने लागतात. जुनी कार्डं बेरजेवरच भरलेली असतील तर ती दुरुस्त करता येत नाहीत.

जुन्या अमेरिकी सूत्रात आणखी एक गंमत होती. ९६ टक्के घेतल्यावर पहिल्या दशांश स्थळानंतरचं सगळं कापायचं, पूर्णांकन करायचं नाही. सरासरी १९.०५ असेल तर १८.२८८ येतं आणि इंडेक्स लागतो १८.२. जळगावच्या सराफ्यात रतीभर सोनं कोणी असं सोडून देणार नाही! २०२० पासून २० पैकी उत्तम ८ ची सरासरी घेऊन एका दशांशापर्यंत सरळ पूर्णांकन करतात, टक्का गेला. जुन्या साच्यावर बेतलेल्या फाइलीत ९६ टक्के तसेच पडून असतात आणि इंडेक्स कमी दाखवतात. मालकाला वाटतं, खेळ सुधारला.

२०२० च्या जागतिक पद्धतीने वेगवेगळ्या देशांच्या सहा पद्धती एकत्र आणल्या. त्याबरोबर ‘हँडिकॅप’ या एकाच शब्दाचे तीन अर्थ वापरात आले. इंडेक्स कुठेही घेऊन जायचा. कोर्स हँडिकॅप त्या दिवशीच्या टीचा, म्हणजे होलचा पहिला फटका जिथून मारायचा त्या जागेचा. प्लेइंग हँडिकॅप त्या स्पर्धेचा. वैयक्तिक स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटक्यांवर निकाल लागतो त्या खेळात) तो बहुधा कोर्स हँडिकॅपच्या ९५ टक्के. ‘भाऊ, तुमचा हँडिकॅप किती?’ या प्रश्नाला तीन खरी उत्तरं असू शकतात आणि पैज बहुतेक वेळा चुकीच्या उत्तरावर लागते.

सर्वांत जास्त वाद कोर्स हँडिकॅपच्या सूत्रात घातलेल्या एका वजाबाकीवर झाला. आधी इंडेक्स गुणिले स्लोप भागिले ११३, एवढंच होतं. आता त्यात ‘कोर्स रेटिंग वजा पार’ मिळवायचं. वरचाच कोर्स घ्या, पार ७२. इंडेक्स १८.४ असलेल्या आबांना जुन्या सूत्राने २०.८ म्हणजे २१ फटके मिळत; नव्याने ७०.२ वजा ७२, म्हणजे उणे १.८ धरून १९. दोन फटके गेले, म्हणून ओरड झाली. पण ९१ हा आबांचा इंडेक्सला तंतोतंत जुळणारा स्कोअर आहे. २१ फटक्यांवर त्याचा नेट, म्हणजे मिळालेले फटके वजा केलेला स्कोअर, ७० होतो आणि स्टेबलफोर्डमध्ये, म्हणजे होलागणिक गुणांच्या खेळात, ३८ गुण मिळतात. हा खेळ आपल्या पातळीचाच झाला, हे त्या ३८ कडे बघून कोणालाच कळत नसे. १९ फटक्यांवर नेट बरोबर ७२, गुण ३६. फटके कोणी चोरले नव्हते. मोजण्याची रेघ रेटिंगवरून पारवर आणली होती. रेटिंग पारपेक्षा जास्त असलेल्या कोर्सवर हीच वजाबाकी फटके वाढवून देते, तिथे कोणी तक्रार करत नाही.

ब्रिटन आणि आयर्लंडने २०२० मध्ये ही वजाबाकी घेतलीच नाही, एप्रिल २०२४ मध्ये घेतली. चार वर्षं एकाच ‘जागतिक’ नावाखाली दोन सूत्रं चालली. त्या काळात उतरवून घेतलेले तक्ते आणि ॲप अजून फोनवर असतात. तपासायला सोपं आहे : इंडेक्स शून्य भरा. रेटिंग आणि पारमध्ये एक किंवा जास्त फरक असताना उत्तर शून्यच आलं, तर सूत्र जुनं.

याच वजाबाकीतून दुहेरी मोजणीही होते. निळ्या टीचं रेटिंग ७२.४, पांढऱ्याचं ७०.२, दोन्हीची पार ७२. पूर्वी अमेरिकेत निळ्यावरून खेळणाऱ्याला या फरकाचे २ फटके वेगळे देत. आता ते सूत्रातच येतात. फाइलीत ‘टी फरक’ हा जुना रकाना राहिला, तर त्याला दोनदा मिळतात. दोन टींची पारच वेगळी असेल, तेव्हा मात्र स्ट्रोक प्लेमध्ये जास्त पारवाल्याला तेवढे फटके द्यावेच लागतात.

पूर्णांकन एकदाच, शेवटी करायचं. कोर्स हँडिकॅप २९.५ आला, तो ३० करून ९५ टक्के घेतले तर २८.५ आणि मग २९. पूर्णांकन न करता घेतले तर २८.०२५, म्हणजे २८. एका फटक्यावर चषक जातो.

प्लस खेळाडू एक्सेलला गोंधळात टाकतो. तो शून्याच्याही पुढे असतो, म्हणून आतून आकडा उणे ठेवावा लागतो. कार्डावर ‘+२.१’ दिसतं तसंच सेलमध्ये टाइप केलं, तर एक्सेल अधिक २.१ समजतं आणि ४.२ चा फरक पडतो. शिवाय +१.५ चं पूर्णांकन शून्याकडे, +१ असं करायचं असतं. एक्सेलचं राउंड उणे १.५ ला उणे २ करतं. तारखांचंही तसंच. संगणक अमेरिकी मांडणीवर असेल तर ५ जूनचं कार्ड ६ मे होतं आणि शेवटच्या विसातून चुकीचं कार्ड बाहेर पडतं. क्रम खेळल्याच्या तारखेने लावायचा, भरल्याच्या नाही.

काही गोष्टी घरच्या फाइलीला जमतच नाहीत. पीसीसी उणे १ ते अधिक ३ असते आणि त्या कोर्सवर त्या दिवशी आलेल्या किमान आठ स्कोअरवरून काढतात. भुसावळच्या मे महिन्यात तयार झालेल्याला नाशिकचं ऊन काहीच वाटणार नाही, पण पीसीसी एकट्याचा दम बघत नाही. २०२४ पासून नऊ होलांचं कार्डही दुसऱ्या नऊची वाट न बघता लगेच धरतात. उरलेल्या नऊचा अपेक्षित स्कोअर केंद्रीय यंत्रणाच घालते. इंडेक्स वर्षातल्या नीचांकाहून ३ ने चढला की पुढची वाढ अर्धी, ५ वर पक्की अडवलेली. त्यासाठी ३६५ दिवसांचा नीचांक जपावा लागतो. वीसच ओळींच्या फाइलीत तो जुन्या कार्डांबरोबर पुसला जातो. म्हणून एकविसावं कार्ड आलं तरी पहिली ओळ खोडू नये, नुसती गणितातून वगळावी.