अधिवास व्यवस्थापन, वन्यजीवांसाठी (नाशिक जिल्हा)

वन्य प्राण्यांना चारा, पाणी, आडोसा आणि विणीची जागा मिळावी म्हणून झाडी, गवत व पाणी यांत विचारपूर्वक केलेला फेरफार म्हणजे अधिवास व्यवस्थापन. झुडपे काढणे, गवत कापणे, ठरवून जाळणे, चराई आवरणे, पाणवठे बांधणे ही त्यातली नेहमीची कामे. पाश्चात्त्य देशांत हे शास्त्र शिकारीच्या अंगाने वाढले. अमेरिकेत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीवविषयक कामांकडे वळवला. तिथले अनेक जमीनमालक आजही शिकारीला हरणे यावीत म्हणून आपल्या रानात झाडी तोडून मोकळी जागा राखतात. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातल्या पुढच्या सुधारणांनी शिकारीला बंदी घातली. त्यामुळे इथे हीच कामे होतात ती केवळ प्राणी टिकावेत म्हणून, आणि बहुतेक वनखात्याच्या देखरेखीखाली.

नाशिक जिल्ह्यात या कामाला एकच नियम लावता येत नाही. पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या घाटमाथ्यावर वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला येवल्याकडे जेमतेम ५०० मिमी.च्या आसपास. दिंडोरीकडच्या बोरगडावर तोड आणि चराई थांबवून झाडी परत येऊ देणे हेच योग्य होते. सुमारे साडेतीन चौ. किमी.चा तो डोंगर २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला. तेच धोरण येवल्याच्या माळावर नेले तर तिथल्या प्राण्यांचे घर मोडते.

येवला तालुक्यातील ममदापूर-राजापूर परिसराचे सुमारे ५४ चौ. किमी. क्षेत्र २०१४ मध्ये काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. जमीन मुरमाड, मातीचा थर पातळ, मधूनमधून बोरी-बाभळी आणि बाकी सगळे गवत. काळवीट नजरेवर आणि पायांवर जगणारा प्राणी आहे. लांडगा दुरून दिसला पाहिजे आणि धावायला मैदान मोकळे पाहिजे. दाट झाडीत त्याची ही दोन्ही साधने निकामी होतात. मात्र नुसते आखूड गवतही पुरत नाही. मादी नवजात पाडसाला पहिले काही दिवस उंच गवतात दडवून ठेवते आणि फक्त पाजायला येते. म्हणून चांगला माळ म्हणजे चरायला आखूड गवताचे पट्टे आणि त्यांना लागूनच गुडघाभर उंच गवताचे तुकडे. सगळा माळ एका उंचीचा कापणे ही तिथे चूकच ठरते. गवत टप्प्याटप्प्याने, बी झडून गेल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर कापायचे. मारवेल, पवन्या यांसारखी सकस गवते बी धरण्याआधीच कापली वा चरली गेली तर दोन-चार वर्षांत त्यांच्या जागी कुसळी हे निकस गवत फोफावते आणि चाऱ्याचा कस जातो. उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत टिटवी, चंडोल असे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, तेव्हा त्या काळात विळा आणि आग दोन्ही लांब ठेवावी लागतात.

माळाचा मोठा शत्रू म्हणजे वेडी बाभूळ हे परकी काटेरी झाड. तिच्या गोडसर शेंगा काळविटेही आवडीने खातात आणि बी न पचता लेंड्यांतून बाहेर पडते. काळविटाचा नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी पुनःपुन्हा लेंड्या टाकतो. पावसाळ्यात अशा ढिगाऱ्यापाशी वाकून पाहिले तर वेड्या बाभळीची बोटभर रोपे उगवलेली दिसू शकतात. ज्या प्राण्यासाठी माळ राखायचा तोच नकळत त्यावर काटेरी रान पेरत असतो. ही रोपे पहिल्या पावसाळ्यातच उपटणे सोपे आणि स्वस्त. झाड मोठे झाल्यावर नुसते तोडून भागत नाही, बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. ते मुळासकट काढावे लागते.

दुसरे संकट माणसाच्या चांगल्या हेतूतून आले. सरकारी दप्तरात माळ बहुधा पडीक म्हणून लागतो. पडीक म्हटले की तिथे समतल चर खणून गिरीपुष्प, सुबाभूळ लावण्याची घाई होते. चर खणताना गवताची मुळे धरून ठेवलेला मातीचा पातळ थर उलटा होतो आणि मुरूम वर येतो. असा माळ पुन्हा गवताखाली यायला फार वेळ लागतो. वृक्षारोपणाच्या आकड्यांपायी माळरानाचा बळी देणे थांबलेच पाहिजे. लांडगा, खोकड, काळवीट, हिवाळ्यात येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी यांना जंगल वाढल्याने काही मिळत नाही.

चराई पूर्ण बंद करणे हाही उपाय नव्हे. धनगरांच्या मेंढ्या पिढ्यानपिढ्या या भागातून जातात आणि त्यांच्या चरण्याने गवत आखूड राहते. प्रश्न येतो तो एकाच जागी फार काळ कळप बसला की. क्षेत्राचे भाग पाडून आळीपाळीने चराई ठेवणे जास्त टिकाऊ. पाण्यासाठी उथळ, उतरत्या काठाचे पाणवठे बांधतात, म्हणजे पाडसालाही पाणी पिऊन सहज बाहेर येता येते. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात काळविटे कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. विहिरींना कठडे बांधणे हे इथल्या अधिवासाच्या कामातलेच एक काम मानले पाहिजे. पाणवठ्याभोवती मोकाट कुत्री जमू लागली तर तो फायद्याऐवजी सापळा होतो.

आगीचे तंत्र पश्चिम भागात वेगळ्या रूपात दिसते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी भागात नागली व भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जमीन जाळायची रीत जुनी आहे, आणि आटोक्यात ठेवली तर ती आपल्या शेतापुरतीच राहते. नुकसान करतो तो वणवा. कुणी नवा कोंब फुटावा म्हणून, कुणी ससा-डुक्कर बाहेर काढायला पेटवलेली आग उन्हाळ्यात डोंगरभर पसरते आणि सरडे, अंडी, कोवळी रोपे यांची राख करते. वनखाते हिवाळ्याच्या अखेरीस जाळरेषा काढते. ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून, त्यातले गवत ताब्यात जाळले जाते, म्हणजे पुढची आग तिथे अडते.

घाणेरी (लँटाना) हे रानभर पसरणारे परकी झुडूप मात्र आगीला दाद देत नाही. जळलेल्या बुंध्यातून ती जोमाने फुटते. तिचे मूळ मानेच्या खाली कुऱ्हाडीने किंवा कुदळीने तोडून झुडूप उलटे टाकायचे, ही दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत तुलनेने यशस्वी ठरली आहे. मोकळी झालेली जागा लगेच स्थानिक गवताच्या बियाण्याने भरावी लागते, नाहीतर रानमोडी हे दुसरे परकी तण तिथे ठाण मांडते.

निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे जमिनीऐवजी पाण्याचे व्यवस्थापन करावे लागते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यात गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली. १९८६ मध्ये ती अभयारण्य झाली आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. पाणी खाली गेले की चिखल उघडा पडून चिखलपक्ष्यांना खाद्य मिळते, पाणी वर राहिले की बदकांना. जलपर्णी काढावी लागते, पण पाणकणसाचे बेट सरसकट उपटले तर जांभळ्या पाणकोंबडीला घरट्याची जागा उरत नाही.

याच निफाडच्या उसात बिबट्याने मुक्काम केला आहे. उंच, दाट, पाण्याजवळचे आणि अनेक महिने न तुटणारे पीक त्याला आयते रान वाटते. ऊसतोडीत सापडलेली पिल्ले वनखाते त्याच जागी ठेवते, कारण आई त्यांना घेऊन जाण्याची शक्यता तिथेच सर्वाधिक असते. हा अधिवास कुणी ठरवून घडवलेला नाही, तरी तो सांभाळण्याचे काम वनखात्यावर आणि शेतकऱ्यांवर येऊन पडले आहे. काळविटे वा डुकरांनी पीक खाल्ले तर वनखाते पंचनामा करून भरपाई देते. ममदापूरच्या शेजारी शेती करणाऱ्यांचा या कामाला पाठिंबा राहतो की नाही, हे बरेचसे ही भरपाई वेळेवर मिळण्यावर ठरते.