पिसवांचे ड्रॉप्स: कुत्र्याची ट्यूब आणि मांजराची ट्यूब दिसायला सारखी, पण आतलं औषध बघा

शेजारच्या काकूंची मनी मागच्या उन्हाळ्यात मरता मरता वाचली, आणि कारण काय तर पिसवांचं औषध. औषध होतं पण कुत्र्याचं होतं. घरात कुत्र्याच्या कातडीवर टाकायची ट्यूब पडलेली, काकूंनी विचार केला मांजर लहान आहे तर अर्धीच टाकू. दुपारी टाकली अन् दिवेलागणीला मनीचे कान फडफडायला लागले, मग पाठीची कातडी उडायला लागली, मग अख्खं अंग असं थरथरायला लागलं की मी तिला टॉवेलात धरलं तर माझे हात पण हलत होते. जनावरांच्या डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं म्हणून वाचली.

चूक अर्ध्या-पूर्ण ट्यूबची नव्हती, औषधच वेगळं होतं. कुत्र्यांच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, काहींत तर ४० टक्क्यांच्याही वर. कुत्र्याचं लिव्हर ते पटपट मोडून बाहेर टाकतं, मांजराच्या लिव्हरमध्ये ते काम करणारं एन्झाइम लई कमी असतं, त्यामुळे ते अंगात साचतं अन् थेट मज्जातंतूंवर जातं. (पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषारी असते ती पण हेच एन्झाइम कमी असल्यामुळे, म्हणून मांजराला ताप आला तर आपल्या डब्यातली गोळी अजिबात नको.)

मांजराच्या ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा फिप्रोनिल हे पिसवा मारणारं दुसरं औषध असतं, कधी सोबत मेथोप्रीन, कधी वेगळं सेलामेक्टिन. मेथोप्रीन अन् पर्मेथ्रिन ऐकायला सारखंच वाटतं पण घाबरू नका, मेथोप्रीन फक्त पिसवांची अंडी-अळ्या मोठ्या होऊ देत नाही.

आता गोंधळ कुठे होतो, तर फिप्रोनिल कुत्र्याच्या ट्यूबमध्येही असतं. मग दुकानदार म्हणतो एकच आहे हो, घेऊन जा. पण कुत्र्यांच्या काही ट्यूबमध्ये फिप्रोनिलबरोबर पर्मेथ्रिन पण घातलेलं असतं, अन् पुढे मोठ्या अक्षरात नाव फिप्रोनिलचं. म्हणून पाकिटावरचं चित्र बघून घेऊ नका, मागची बारीक अक्षरं मोबाईलने झूम करून वाचा. साधं फिप्रोनिल असलं तरी माप वेगळं असतं, मांजराची ट्यूब ०.५ मिलीची, कुत्र्याची सगळ्यात छोटी ०.६७ अन् मोठी ४ मिलीपर्यंत, ते घरी अंदाजाने अर्धं करणं म्हणजे जुगार. अन् गोचिडांसाठी कुत्र्याला आंघोळीच्या पाण्यात घालतात ते अमिट्राझचं औषध, ते पण मांजराला नको.

घरात दोन्ही असतील तर अजून एक. कुत्र्याला पर्मेथ्रिन लावलं की निदान ते पूर्ण सुकेपर्यंत मांजर लांब ठेवा, आमच्याकडे ती दोघं एकाच सोलापुरी चादरीवर अंगाला अंग लावून झोपतात अन् मांजर त्याला चाटतं पण.

चुकून लागलंच तर थरथर सुरू व्हायची वाट बघू नका. कोमट पाणी अन् भांड्याचा लिक्विड साबण घेऊन तेवढा भाग धुवा, गरम पाणी नको कारण त्याने औषध कातडीतून जास्त आत जातं. पुसून टॉवेलात गुंडाळा अन् ट्यूबचं पाकीट घेऊनच डॉक्टरकडे पळा. दूध, तूप, उलटी करवणं, काही नको.

बरोबर ट्यूब मिळाली तर मानेच्या मागे, डोक्याच्या खाली, केस बाजूला करून कातडीवर टाका, जिथे तिची जीभ पोचत नाही. दोन दिवस आधी अन् दोन दिवस नंतर आंघोळ नको. पिल्लू ८ आठवड्यांहून लहान असेल तर फिप्रोनिलचे ड्रॉप्स नकोच, बारीक दातांची फणी फिरवा अन् निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाका. फणीत काळी भुकटी आली तर ओल्या कापसावर ठेवून बघा, लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे त्यांनी प्यायलेलं मांजराचंच रक्त.

आणि आठ दिवसांनी परत पिसवा दिसल्या म्हणून लगेच दुसरी ट्यूब फोडू नका. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते अन् ती गळून चादरीत, सोफ्याच्या फटीत पडतात, कोशातल्या पिसवांवर औषध चालत नाही, त्या नंतर बाहेर पडून मांजरावर चढतात अन् मग मरतात. आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं, म्हणून मी आमच्या मांजराच्या चादरी साठवून ठेवते अन् पाणी आलं की गरम पाण्यात धुऊन गच्चीवर कडक उन्हात टाकते. पुढची ट्यूब महिन्याने, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, कुत्र्याची निळ्या पेनाने अन् मांजराची लाल.