मृत्युपत्रावर सही कुणी आणि कुणासमोर करायची?

मृत्युपत्र साध्या कोऱ्या कागदावर, हाताने लिहिलं तरी चालतं. स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. घोळ होतो तो सह्यांचा. वडील घरी सही करतात, मग मुलगा तो कागद घेऊन शेजारच्या काकांकडे जातो आणि ‘इथे एक सही द्या’ म्हणतो. काकांनी वडिलांना सही करताना पाहिलेलं नाही, ‘ही सही माझीच’ असं वडिलांच्या तोंडून ऐकलेलंही नाही. अशी साक्ष कोर्टात टिकत नाही.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 नुसार मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा. हात चालत नसेल तर त्याच्या समोर, त्याच्या सांगण्यावरून दुसरा कुणी सही करू शकतो. साक्षीदार किमान दोन. प्रत्येकाने ती सही होताना पाहिलेली हवी किंवा मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतः ती कबूल केलेली हवी, आणि साक्षीदाराची सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची अट नाही, तरी तिघांनी एकत्र बसून सह्या उरकाव्यात हे उत्तम. आतला मजकूर साक्षीदारांना वाचायला देण्याची गरज नाही.

करणारा 18 वर्षं पूर्ण झालेला आणि शुद्धीवर हवा. डॉक्टरांचा दाखला कायद्याने बंधनकारक नाही, पण वय झालं असेल तर त्याच तारखेचा जरूर घ्यावा. सातबारा, मिळकत पत्रिका, बँक खाती समोर ठेवूनच मजकूर लिहावा. गट नंबर चुकला की वारसांची भांडणं ठरलेली.

पुढे वाद झाला तर हयात असलेल्या एका तरी साक्षीदाराला कोर्टात यावं लागतं. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण, पत्ता पक्का असलेले निवडावेत. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नका. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीच्या मृत्युपत्रात साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेला वाटा रद्दच होतो. हिंदूंना हा वाटा रद्द होण्याचा नियम लागू नाही, पण संशयाला जागा राहते. मुस्लिमांसाठी आणि गोव्यात नियम वेगळे आहेत.

नोंदणी करायची तर ओळखपत्रं घेऊन साक्षीदारांसह दुय्यम निबंधकाकडे जावं. तिला मुदत नाही. नंतर खाडाखोड केली तर तिथेही करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही लागते. त्यापेक्षा नवं मृत्युपत्र करून ‘आधीचं रद्द’ असं त्यात स्पष्ट लिहावं.