अमीनना इतकी नावं का?

अमीन म्हणजे अमोनियातल्या तीन हायड्रोजनपैकी एक किंवा अधिक जागी कार्बनी गट आलेली संयुगं. त्यांतलं ट्रायइथाइलअमीन म्हटलं की रेणू डोळ्यांसमोर उभा राहतो: मधे नायट्रोजन आणि त्याला जोडलेले तीन इथाइल गट. रसायनांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2013 च्या शिफारशींनुसार मात्र याचं पहिल्या पसंतीचं नाव आहे एन,एन-डायइथाइलइथेनामीन. तिन्ही गट तंतोतंत सारखे असताना एकाला मूळ साखळीचा मान द्यायचा आणि उरलेल्या दोघांना तिचे आश्रित करायचं, हे विद्यार्थ्यांना चमत्कारिक वाटतं. ते वाटणं रास्तच आहे. ही दोन नावं वेगवेगळ्या काळातली असून वेगवेगळ्या गरजांतून आली आहेत. त्यांच्याही आधीचा आणखी एक थर आहे आणि तो अजून पुसला गेलेला नाही.

सर्वांत जुना थर उगमाचा. रचना ठाऊक नसायची, त्यामुळे पदार्थ कशातून मिळाला किंवा कसा वागला एवढंच नावात घालता यायचं. खुद्द अमोनियाचं नाव नवसागरावरून आलं. नवसागराच्या लॅटिन नावाचा संबंध लिबियाच्या वाळवंटातल्या अमोन देवाच्या मंदिराशी जोडला जातो. नवसागरातून मिळणाऱ्या वायूला 'अमोनिया' हे नाव 1782 मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ टॉर्बर्न बर्गमन यांनी दिलं.

या पद्धतीतला गोंधळ बघायचा तर ॲनिलीनसारखं उदाहरण नाही. 1826 मध्ये ओटो उन्फरडॉर्बेन यांनी निळीचं कोरडं ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव मिळवला. त्याचे क्षार सहज स्फटिकरूप घेत, म्हणून त्यांनी त्याला 'क्रिस्टलिन' म्हटलं. 1834 मध्ये फ्रीडलीब रुंगे यांना दगडी कोळशाच्या डांबरात एक द्रव सापडला. विरंजक चुन्याशी (ब्लीचिंग पावडरशी) तो निळा रंग देई, म्हणून तो झाला 'कायनॉल'. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या कार्ल फ्रिट्शे यांनी निळीवर पोटॅशची क्रिया करून मिळालेल्या द्रवाला 'ॲनिलीन' नाव दिलं. निळीचं पोर्तुगीज नाव 'अनिल', आणि तो शब्द अरबीतून मागे नेला तर आपल्या 'नील'पर्यंत पोचतो. 1842 मध्ये कझानच्या निकोलाय झिनिन यांनी नायट्रोबेंझीनचं क्षपण (रिडक्शन) करून 'बेंझिडाम' तयार केलं. चार माणसं, चार नावं. रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांच्या जर्मनीतल्या गीसेनच्या प्रयोगशाळेतल्या तरुण ऑगस्ट विल्हेल्म होफमन यांनी 1843 मध्ये दाखवून दिलं की हे चारही पदार्थ एकच आहेत. फ्रिट्शे यांचं नाव टिकलं, बाकीची इतिहासजमा झाली.

एकाच संयुगाची चार नावं ही गैरसोय होतीच. पण त्याहून मोठी अडचण अशी की, या नावांवरून कोण कोणाचा नातलग हे मुळीच कळत नव्हतं. ते कळायची सोय झाली 1849 मध्ये. पॅरिसमध्ये शार्ल आडोल्फ वुर्त्झ यांनी आयसोसायनिक आम्लाच्या एस्टरांवर अल्कलीची क्रिया करून मिथाइलअमीन आणि इथाइलअमीन मिळवले. मिथाइलअमीनचा वास इतका अमोनियासारखा की नाकावर भरवसा ठेवणारा फसलाच असता. पण हा वायू हवेत सहज पेटतो. म्हणजे अमोनियासारखाच, तरी त्यात कार्बन असलेला.

होफमन तोवर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत आले होते. त्यांनी अमोनिया आणि इथाइल आयोडाइड यांच्या क्रियेतून अमोनियातले हायड्रोजन एकामागून एक काढून त्यांच्या जागी इथाइल गट बसवले. एक, दोन, तीन. आणि पुढे चौथा गट जोडून टेट्राइथाइलअमोनियमचे क्षारही. माझ्या मते अमीनच्या नामकरणातला निर्णायक क्षण हाच, नावांचे नियम ठरवणारी 1892 ची जिनिव्हाची परिषद किंवा नंतरची कुठलीही नियमावली नव्हे. इथून अमीन म्हणजे 'बदललेला अमोनिया' ठरला आणि नावही तसंच बनलं: कोणते गट बसवले ते आधी सांगायचं, मग 'अमीन' म्हणायचं. होफमन यांनी या तीन पायऱ्यांना अमाइड, इमाइड आणि नायट्राइल आम्लारी (बेस) असे शब्द वापरले होते. आज आपण प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक म्हणतो.

परीक्षेत हमखास चुकणारा एक मुद्दा इथेच जन्मला. टर्शरी-ब्युटाइल अल्कोहोल हे तृतीयक अल्कोहोल आहे, पण टर्शरी-ब्युटाइलअमीन हे प्राथमिक अमीन. अल्कोहोलमध्ये आपण हायड्रॉक्सिल गट ज्या कार्बनवर आहे तो कार्बन बघतो. अमीनमध्ये नायट्रोजनवरचे किती हायड्रोजन बदलले ते मोजतो. हा नियमांचा लहरीपणा नाही. अमीनचं वर्गीकरण अमोनियापासून सुरू झालं आणि तिथेच राहिलं, एवढंच. जुन्या इमाइड आम्लारींची खूण तर औद्योगिक नावांतही सापडते: पॉलिइथिलीनइमीन या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) नावात इमीन आहे, पण आज त्या शब्दाने सुचवला जाणारा कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध त्यात शोधून सापडत नाही.

अमोनियावरून नावं द्यायची रीत रुळल्यावरही उगमाची नावं थांबली नाहीत. बर्लिनच्या लुडविग ब्रीगर यांनी 1885 च्या सुमाराला सडलेल्या मांसातून दोन डायअमीन वेगळे केले आणि त्यांना पुट्रेसिन व कॅडाव्हरिन अशी नावं दिली. पहिलं सडण्यावरून, दुसरं प्रेतावरून. पुट्रेसिनला ब्युटेन-1,4-डायअमीन म्हटल्यावर रचना समजते, पण नाक मुरडलं जात नाही. 1912 मध्ये कासिमिर फुंक यांनी आहारातल्या अत्यावश्यक घटकांना 'व्हायटामाइन', म्हणजे जीवनावश्यक अमीन, म्हटलं. हे सगळे घटक काही अमीन नसतात हे उघड झाल्यावर 1920 मध्ये जॅक ड्रमंड यांच्या सूचनेवरून इंग्रजी शब्दाच्या शेवटचं अक्षर गाळण्यात आलं.

तिसरा थर कार्बन साखळीचा. एप्रिल 1892 मध्ये जिनिव्हात शार्ल फ्रिडेल यांच्या अध्यक्षतेखाली रसायनशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी मूळ हायड्रोकार्बनच्या नावाला प्रत्यय जोडण्याचं तत्त्व पक्कं केलं. त्यानंतर काही दिवसांतच, मे महिन्यात, होफमन वारले. इथाइल अल्कोहोलचं इथेनॉल झालं ते याच तत्त्वाने. इथाइलअमीन मात्र पुढची कित्येक दशकं इथाइलअमीनच राहिलं. अमोनियाची पकड अल्कोहोलवर नव्हती, अमीनवर होती.

ती सैल झाली ती सूचीच्या गरजेने. लाखो संयुगं अकारविल्हे लावायची तर नावाच्या सुरुवातीला येणारे गट कुटुंबाला विखरून टाकतात: एक ब्युटाइलखाली, दुसरं इथाइलखाली, तिसरं प्रोपाइलखाली. रसायनशास्त्रातल्या संशोधनाची सूची ठेवणाऱ्या केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्सने 1972 पासून मूळ साखळी पुढे आणि बाकीचे गट मागे, अशी शिस्त कडकपणे लावली. इथेनामीन, बेंझीनामीन ही नावं त्यातून रूढ झाली. नायट्रोजनवरचे गट दाखवायला 'एन' हे स्थानदर्शक अक्षर होतंच. ट्रायइथाइलअमीनच्या तीन जुळ्यांपैकी एकाला मोठा ठरवणारा नियम हाच. सूची करणाऱ्याच्या दृष्टीने तो बिनतोड आहे, फळ्यापुढे उभ्या असलेल्या शिक्षकाच्या दृष्टीने नाही.

2013 मध्ये आययूपॅकने साखळीची बाजू घेतली, तरी बोलण्या-लिहिण्याच्या सर्वसाधारण वापरासाठी ट्रायइथाइलअमीनसारखी नावं चालू ठेवली. ॲनिलीनला तर पहिल्या पसंतीच्या नावाचा दर्जाच मिळाला. बेंझीनामीनला दुय्यम जागा. टोल्युइडिनला ती सवलत नाही. म्हणून ॲनिलीनच्या वलयात नायट्रोजन जोडलेल्या कार्बनच्या शेजारच्या कार्बनवर मिथाइल गट असलेलं एकच संयुग बाजारात ऑर्थो-टोल्युइडिन, आययूपॅकच्या लेखी 2-मिथाइलॲनिलीन आणि सूचीत 'बेंझीनामीन, 2-मिथाइल-' म्हणून भेटतं. मागणीपत्रावर सगळेजण लिहितात तो सूचीचा क्रमांक: 95-53-4.