इकडं की तिकडं? सीमाभागातल्या पदवीची पार्श्वभूमी

बारावीचा निकाल लागला की बेळगावातल्या मराठी घरात विचारतात, 'आता इकडं की तिकडं?' इकडं म्हणजे कर्नाटकात, तिकडं म्हणजे कोल्हापूर-पुण्याला. आजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडत नव्हता. १९३३ साली लिंगराज कॉलेज निघालं तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, आणि पदवीधराला मुंबई इलाख्यात कुठंही नोकरी मागता येत होती.

१ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. कॉलेजं जागेवरच राहिली, पण कचेरीची भाषा बदलत गेली. मराठी माध्यमात शिकलेल्या पोराला सरकारी नोकरीसाठी कन्नडची परीक्षा आली. तिकडं गेलं तर रहिवासी दाखला आडवा यायचा. पुढं महाराष्ट्रानं सीमाभागातल्या, आपण हक्क सांगतो त्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा राखल्या. त्यांचा आधार मोठाच आहे. पण त्या जागेवर शिकलेला मुलगा बहुतेक वेळा पुण्यातच राहतो.

मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञानं १९७३ साली मांडलं, की मालकाला उमेदवाराचं कसब आधी दिसत नाही, म्हणून तो पदवीकडं खूण म्हणून पाहतो. सीमाभागाचा अनुभव याला एक गोष्ट जोडतो: खूण वाचणारा समोर असावा लागतो. एकाच मार्कलिस्टचं वजन इथं खिडकीगणिक बदलतं.

जागांची टंचाई म्हणाल तर ती हटली. जेएनएमसी हे मेडिकल कॉलेज १९६३ चं, गोगटे इंजिनिअरिंग कॉलेज १९७९ चं, व्हीटीयू हे तांत्रिक विद्यापीठ १९९८ चं आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. मधल्या काळात कॅपिटेशन फीनं, म्हणजे प्रवेशासाठी उकळलेल्या जादा पैशानं, अनेक घरं पोखरली. कर्नाटकानं १९८४ ला तिच्यावर बंदीचा कायदा केला, १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात सुप्रीम कोर्टानं ती बेकायदा ठरवली, आणि पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन निकालानं फ्री (कमी फीच्या) आणि पेमेंट (जास्त फीच्या) सीट अशी वाटणी केली. शेत विकून भरलेली फी फेडायची तर मोठा पगार हवा. तो गावात नाही, म्हणून पोरगं बाहेर जातं. याला नुसती हौस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतला हिशेब वेगळा आहे. तिथं फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, साचा भरताना वाळू मुठीत दाबून बघतात. ओल जास्त झाली तर कास्टिंगला भोकं पडतात. लेथवरच्या पोराला बोअर, म्हणजे पार्टच्या आतल्या छिद्राचं माप, मायक्रॉनमध्ये राखावा लागतो, आणि हायड्रॉलिकचा पार्ट गळला तर मार्कलिस्ट कुणी मागत नाही. कसब दिसतं, म्हणून खुणेची गरज कमी. तरीही आपल्या घरात आयटीआय म्हटलं की आवाज खाली येतो. हे मला फार लागतं, कारण जवळचा रोजगार याच हातांनी उभा केलाय.

कामाला सीमा तशी अडवत नाही. बेळगावला लागूनच चंदगड तालुक्यात शिनोळी आहे, महाराष्ट्राची एमआयडीसी. सकाळच्या पाळीला बेळगावच्या बाजूनं मोटारसायकली निघतात, हँडलला डबा अडकवून.